उंबऱ्याआधीचा थांबा

ही २०४३ सालची गोष्ट. त्या वर्षी गौरी सप्टेंबरच्या दहा तारखेला आल्या होत्या, आणि वृद्धनिवासांच्या फाटकांवर फलक लागून तिसरं वर्ष चालू होतं.

आजच्या मुलांना ते फलक ठाऊक नाहीत. पुरुषभर उंचीची काळी काच, तिच्यावर उजळणारी अक्षरं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही वाचता यावीत अशी. मिरजेच्या बाहेर, पंढरपूर रस्त्याला ‘सायंतारा’ नावाचं वृद्धनिवास होतं. त्याच्या फलकावर त्या दिवशी लिहिलं होतं : ‘या घरात गेले २११ दिवस कुणी पडलेलं नाही. घंटेला उत्तर : दीड मिनिटात. रोजची पावलं : माणशी ८४०.’ खाली हिरवा दिवा.

हे फलक सुखासुखी आले नव्हते. त्याआधी दहाएक वर्षं वृद्धनिवासांच्या नाना कहाण्या कानावर यायच्या. कुणाची आई न्हाणीघरात पडून सकाळपर्यंत तशीच राहिली, कुणाच्या बापाच्या पाठीला हाडापर्यंत जखमा झाल्या. चौकशी झाली की वह्या पुढे यायच्या, आणि वहीत सगळं झकास असायचं. शेवटी लोक रस्त्यावर उतरले आणि खुल्या नोंदीचा कायदा झाला. यापुढे नोंद माणसानं ठेवायची नाही, फरशीनं ठेवायची.

त्या फरशीत केसासारखे बारीक तंतू घातलेले असत, चिनीमातीच्या जातीचे. त्यांच्यावर दाब पडला की कणभर वीज तयार होते. टाच किती जोरात टेकली, अंगठा कधी उचलला, भार डावीकडे किती, उजवीकडे किती, हे सगळं त्या कणभर विजेवरून कळतं. माणसाची चाल त्याच्या अक्षरासारखी असते. एकाची दुसऱ्यासारखी नसते. आठवडाभर वावर झाला की फरशी प्रत्येकाला ओळखू लागायची. कॅमेरा नको, हातात पट्टा नको. म्हाताऱ्या माणसांची लाज राखूनही ती कुठं आहेत, पडली का, कोण त्यांच्यापाशी गेलं, हे सगळं आपोआप लिहिलं जायचं. ती नोंद पुसता येत नव्हती आणि ती सगळ्यांसाठी उघडी होती. सगळ्यांसाठी उघडी होती म्हणूनच ती कुणी वाचत नव्हतं. लोक फलक वाचायचे आणि हिरवा दिवा बघून पुढं जायचे.

वैजयंता शेटे यांना या फलकाचा अभिमान होता. एकसष्ट वर्षांच्या, नगर वाचनालयातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, शिस्तीच्या बाई. तालुक्याच्या देखरेख समितीवर त्या होत्या. पहिल्या वर्षी फलकावर पावलांचा आकडा नव्हता. तेव्हा घरं चलाखी करू लागली : म्हाताऱ्यांना उठूच द्यायचं नाही. जो चालत नाही तो पडणार कसा? समितीच्या बैठकीत वैजयंताबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, “पडणं मोजता ना? मग चालणंही मोजा!” ती मागणी वर सरकारापर्यंत गेली आणि पुढच्या वर्षापासून राज्यभर पावलं मोजली जाऊ लागली.

स्वतःच्या आईला त्यांनी ‘सायंतारा’त ठेवलं तेही याच भरवशावर. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत, इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. आई, प्रमिलाबाई, शहाऐंशीच्या. बत्तीस वर्षं बालवाडी चालवलेली. एका स्कूटरवाल्यानं पाडल्यापासून त्यांचा उजवा पाय आखडला होता. तो घासत यायचा, मग डावा टेकायचा. खर्र, टप. खर्र, टप. पण दारापाशी आल्या की प्रमिलाबाई क्षणभर थांबायच्या, आखडलेला उजवाच पाय नेटानं उचलायच्या आणि तोच आधी आत टाकायच्या. सोपं होतं डावा टाकणं. पण नाही. “मी शेकडो पोरांना सांगितलं, उजवं पाऊल आधी. आता पाय दुखतो म्हणून शब्द फिरवू?” बालवाडीच्या दारात मुलांची रांग थांबवून त्या प्रत्येकाचं पाऊल बघायच्या, हे वैजयंताबाईंना अजून आठवायचं. डावं पडलं की पोराला परत बाहेर पाठवायच्या.

‘सायंतारा’त उंबरे नव्हते, म्हातारी माणसं अडखळू नयेत म्हणून दारात नुसती पिवळी पट्टी रंगवलेली. प्रमिलाबाई त्या पट्टीलाच उंबरा मानायच्या.

नातेवाइकांना रोज मोबाइलवर पावलांचा नकाशा यायचा. काळ्या पडद्यावर पांढरी पावलं, जिन्यापासून जेवणघरापर्यंत, जेवणघरापासून बागेपर्यंत. वैजयंताबाईंना ती गौरीच्या पावलांसारखी दिसायची. लहानपणी आई रांगोळीनं दारापासून देवघरापर्यंत काढायची तशी. चहा घेता घेता त्या नकाशा उघडायच्या, आकडा बघायच्या, आणि त्यांना बरं वाटायचं.

गौरी जेवल्या त्या दिवशी त्या पुरणपोळी आणि खोबरेल घेऊन पाच वाजता, भेटीच्या वेळेला गेल्या. प्रमिलाबाई खुर्चीत पेंगत होत्या. शेजारी तनुजा उभी होती. तनुजा मगदूम, चोवीस वर्षांची सेविका, डिग्रजची पोर. प्रमिलाबाईंचं सगळं तीच करायची.

“आज लई चालल्या बघा आज्जी,” ती म्हणाली. “दमल्यात.”

ती गेल्यावर वैजयंताबाईंनी आईच्या तोंडात पोळीचा तुकडा घातला. “आठशे साठ पावलं आई! मी बघितली. शाबास.”

“कुणाची?”

“तुझी.”

“मी कुठं चालले गं? आंबे संपल्यापासनं पडून आहे मी.”

“असं काय करतेस? फरशी खोटं कशाला सांगेल?”

प्रमिलाबाईंनी डोळे उघडले. गढूळ होते, पण त्यात जुनी बालवाडीची बाई क्षणभर जागी झाली. “आणि मी कशाला सांगेन?”

वैजयंताबाई हसल्या. विसरायला लागली बिचारी, असं मनात म्हणत त्यांनी आईचे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळायला बसल्या. आणि त्यांचे हात थांबले.

आईच्या टाचांना जन्मभर भेगा होत्या. दुलईचा दोरा अडकावा अशा. “माझ्या पायात बोर नदी उन्हाळ्यात आटते,” असं ती स्वतःच म्हणायची. आता त्या टाचा मऊ होत्या. नुसत्या मऊ नव्हे, तान्ह्या मुलाच्या असतात तशा, गुलाबी, जमिनीला कधी न लागलेल्या.

रोज आठशे साठ पावलं चालणाऱ्या बाईच्या.

घरी येऊन त्यांनी दिवे लावायच्या आधी नकाशा उघडला. या वेळी आकडा नाही पाहिला. जेवणघराचं दार मोठं करून पाहिलं. पिवळी पट्टी, आणि तिच्यावरून आत गेलेलं पाऊल. डावं. कालचं पाहिलं. डावं. परवाचं, गेल्या आठवड्याचं, श्रावणातलं. खर्र-टप अगदी आईचं, टाचेचा भार आईचा, वजनसुद्धा बावन्न किलो. पण दारापाशी थांबा नाही, आणि आत जाणारं पाऊल डावं. त्या मागं मागं गेल्या. बावीस जूनला थांबल्या. एकवीस जूनपर्यंत पट्टीआधी अर्ध्या सेकंदाचा थांबा होता आणि उजवं पाऊल होतं. बावीस तारखेपासून कुणीतरी दुसरंच आईच्या पायांनी चालत होतं.

खोलीत अंधार झाला तरी बराच वेळ त्यांना उठवेना.

समितीच्या माणसाला न सांगता कधीही आत जायचा अधिकार होता. नांद्रेकर साहेबांना, म्हणजे ‘सायंतारा’च्या संचालकांना, वाईट वाटेल म्हणून वैजयंताबाईंनी तो कधी वापरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला वापरला. ही विश्रांतीची वेळ, फाटक बंद. पहारेकऱ्यानं कार्ड पाहिलं आणि मुकाट्यानं दार उघडलं.

आत एवढी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा. खोल्यांची दारं उघडी होती. प्रत्येक खोलीत पलंग, पलंगावर माणूस, तोंड उघडं, झोप औषधाची. पलंगाचे पाय फरशीच्या लेखी सामान. त्यावर कोण निजलंय ते तिला कळत नसे. आई सातव्या खोलीत होती. तिच्या श्वासाला गोड औषधाचा वास होता.

आणि मग ते आलं. खर्र, टप. खर्र, टप.

आई समोर निजली होती आणि आईची चाल व्हरांड्यातून येत होती.

वैजयंताबाई दारात आल्या. लांब व्हरांड्यात सात सेविका चालत होत्या. कुणी बोलत नव्हतं. एक बाई अंग थरथरवत, छोटी छोटी पावलं टाकत चालली होती. दुसरी कमरेत वाकून, हातात नसलेली काठी टेकत. तिसरी एका अंगाला कलून. सगळ्यांच्या कमरेला शिवलेले कापडी पट्टे होते, वाळू भरलेले. तरण्या बायका, आणि म्हाताऱ्यांच्या चाली. जणू निजलेल्यांचे नुसते पाय उठून फिरायला निघाले होते. आणि सगळ्यांच्या पुढं, उजवा पाय घासत, मान खाली घालून तनुजा.

“तनुजा!”

सगळ्या थांबल्या. तनुजा वळली आणि जवळ आली. तशीच. खर्र, टप.

“आता तरी नीट चाल!” वैजयंताबाई ओरडल्या. “मी बघितलंय सगळं. कशाला सोंग करतेस?”

तनुजानं कमरेचा पट्टा सोडून खाली टाकला आणि दोन पावलं टाकली. खर्र, टप.

“मी माझीच चालतेय हो मावशी,” ती म्हणाली. “माझी जुनी चाल येतच नाही आता. माझ्याकडं पाच जणांची पावलं आहेत. बाकीच्या चौघांची मुद्दाम आणायला लागतात. आज्जी आपोआप येतात.” तिनं डोळे पुसले. “घरी गेले तर आई म्हणते, पायाला काय झालं गं? फरशीपण मला ओळखत नाही. जुलैपासनं माझी हजेरीच लागत नाही. मी इथं आहे हेच तिला कळत नाही.”

“पण का? का केलंत हे?”

“अडतीस माणसं आहेत मावशी, आणि आम्ही सात. उठवायचं, धरायचं, चालवायचं, कसं जमणार सांगा की. एक पडलं की दिवा लाल. मग साहेब म्हणाले, त्यांना निजू दे, तुम्ही चाला. हापिसात पडदा आहे. आज्जींचं नाव उमटेपर्यंत चालत राहायचं. मला नऊ दिवस लागले.”

नोंद बदलता येत नव्हती. म्हणून त्यांनी पाय बदलले होते.

नांद्रेकर साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला. पांढरेशुभ्र केस, मऊ आवाज, साठी ओलांडलेला सुसंस्कृत माणूस. “बाई, रागवा. तुमचा हक्क आहे. पण एक सांगा, पावलं मोजा हे कोणी म्हटलं होतं?”

बैठकीत टेबलावर आपटलेला स्वतःचा हात वैजयंताबाईंना आठवला.

“चौदा सेविका लागतात. माणसंच मिळत नाहीत या कामाला. मी कुणाला उपाशी ठेवलं? कुणाला मारलं? तुम्हाला हिरवा दिवा हवा होता, मी दिला. उद्या तुम्ही तोंड उघडलंत तर दिवा लाल होईल, पंधरा दिवसांत घराला कुलूप लागेल. अडतीस जणांना कुठं नेणार? तुमच्या आईला तिसऱ्या मजल्यावर? कुणाच्या खांद्यावरून?” त्यांनी कप पुढं सरकवला. “आजपासून त्यांना मी स्वतः चालवतो. एकट्या त्यांना. शब्द देतो. तुम्ही फक्त नकाशा बघणं सोडा.”

वैजयंताबाईंनी कप उचलला नाही, पण उठल्याही नाहीत लगेच. हे खरं, की त्या क्षणी त्यांना मोह झाला. आई चालेल. बाकीच्यांना त्यांची मुलं आहेत की! मग त्यांना पाठीमागून आईचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, “आणि मी कशाला सांगेन?” आई खरं सांगत होती, आणि त्यांनी तीन महिने फरशीवर विश्वास ठेवला होता.

“औषध आज रात्रीपासून बंद करा,” त्या उठत म्हणाल्या. “सगळ्यांचं. रविवारी जनसुनावणी लावते.”

कायद्यानं सुनावणी फाटकापाशी, फलकासमोर व्हायची. रविवारी सकाळी दोनशेवर माणसं जमली. मुलं, सुना, नातवंडं. कुणी पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलं होतं. म्हाताऱ्यांना खुर्च्यांवरून बाहेर आणून झाडाखाली बसवलं होतं. औषध उतरल्यामुळे ते डोळे चोळत इकडंतिकडं पाहत होते.

नांद्रेकरांनी शांतपणे सांगितलं, “आरोप खोटा आहे. नोंद तुमच्यासमोर आहे. नोंदीत कुणाला ढवळाढवळ करता येत नाही.”

“ढिगानं बोर्ड लावलेत, आणि आता म्हणता बोर्ड खोटा?” मागून एकजण ओरडला. “बाई, तुम्हीच ना समितीवर?”

“मीच,” वैजयंताबाई म्हणाल्या. “माझीच चूक आहे. ती बघायलाच तुम्हाला बोलावलंय.” त्यांनी फलकाची कळ फिरवली, म्हणजे आत जो चालेल त्याचं नाव बाहेर उमटेल. मग तनुजाला विचारलं, “चालतेस का गं?”

तनुजानं एकदा नांद्रेकरांकडं पाहिलं. मग चप्पल काढून फरशीवर गेली. वाळूचा पट्टा नव्हता, काही नव्हतं. खर्र, टप.

फलकावर अक्षरं उजळली : ‘प्रमिला शेटे. चालत आहेत.’

प्रमिलाबाई झाडाखाली खुर्चीत बसल्या होत्या. सगळ्यांनी फलकाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, मग पुन्हा फलकाकडं. प्रमिलाबाईंनी चष्मा सारखा करून स्वतःचं नाव वाचलं. “अगंबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “मी तिकडं आहे का?”

मग न सांगता दुसरी सेविका उठली. ती आत जाऊन कमरेत वाकली आणि चालू लागली. ‘दिनकर जोगळेकर. चालत आहेत.’ गर्दीतून एका बाईनं किंकाळी फोडली, “बाबा!” तिचे बाबा तिच्या शेजारीच खुर्चीत होते. तिसरी उठली. चौथी. फलकावर नावं येत राहिली, एकाखाली एक, चालत आहेत, चालत आहेत, आणि ज्यांची नावं होती ते सगळे झाडाखाली बसून ती वाचत होते.

दिवा हिरवाच होता. दुपारी कुणीतरी त्याच्यावर सतरंजी टाकली.

कुलूप लागायची वेळ आली तेव्हा नातेवाइकांनीच घर हाती घेतलं. प्रत्येक घरातून आठवड्यातला एक दिवस एक माणूस. ज्यांना जमणार नाही त्यांनी जादा सेविकेचा पगार द्यायचा. त्या डिसेंबरात तिघं पडले, एकाचं मनगट मोडलं. फलक लाल झाला. तो लाल दिवा ‘सायंतारा’नं झाकला नाही. पुढं कायदाच बदलला, आणि आकडे बघण्याऐवजी येऊन बघायची पद्धत पडली. तेव्हा ते फलक हळूहळू निघाले.

नांद्रेकरांना दंड झाला, परवाना गेला. म्हातारपणी ते स्वतः कोल्हापुरातल्या एका वृद्धनिवासात राहिले. वैजयंताबाई एकदा त्यांना भेटून आल्या. ते पलंगावर होते. सेविकेला पुन्हा पुन्हा विचारत होते, “मी आज किती चाललो?” तिनं सांगितलेला कोणताही आकडा त्यांना खरा वाटत नव्हता.

वैजयंताबाईंनी तिसरा मजला विकून तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, जुन्या घरातल्या, दाराला लाकडी उंबरा असलेल्या. आईला तिथं आणलं, आणि तनुजाही आली. तिच्या पायात दोष नाही असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. तरी तिची चाल परत आली नाही. प्रमिलाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा चालायला शिकल्या. दोघी अंगणात फेऱ्या घालायच्या. खर्र, टप, एकीचा आवाज कुठं संपतो आणि दुसरीचा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. प्रमिलाबाई २०४५च्या मार्गशीर्षात गेल्या. त्यांच्या टाचांना पुन्हा भेगा पडल्या होत्या.

तनुजा आज पंचेचाळीस वर्षांची आहे. ‘सायंतारा’ तीच बघते. वैजयंताबाई ब्याऐंशीच्या झाल्यात आणि त्यांना आता दिसत नाही. संध्याकाळी साडेसहाला त्या दाराकडं तोंड करून बसतात. बोळाच्या टोकापासून ऐकू यायला लागतं. खर्र, टप. खर्र, टप. मग उंबऱ्यापाशी आवाज थांबतो. अर्धा सेकंद. तो थांबा तनुजाला कुणी शिकवला नव्हता. वैजयंताबाई तेवढा वेळ श्वास धरून बसतात, आणि मग उजवं पाऊल आत येतं.

“आलीस?” त्या विचारतात.

“आले गं,” उत्तर येतं.

तनुजा त्यांना इतर वेळी मावशी म्हणते, आणि अहोजाहो करते.